नियम गावानं बदलावेत, मंडपवाल्यानं नव्हे

बेळगाव तालुक्यात किंवा खानापूरकडे एखाद्या गावाची लक्ष्मी यात्रा, म्हणजे गावदेवीची यात्रा, ठरली, की पुढचे काही महिने त्या गावात दोनच विषय चालतात: वार आणि खर्च. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही दरवर्षीची जत्रा वाटेल, पण तसं नाही. कुठं ती बारा-पंधरा वर्षांनी येते, कुठं वीस-पंचवीस वर्षांनी. त्याआधी कित्येक आठवडे मंगळवार-शुक्रवार पाळायचे, म्हणजे त्या दिवशी शेतात औत घालायचं नाही, काही गावांत दळण-कांडणही नाही. मग देवीचं लग्न, भंडाऱ्याची उधळण, गावातून फिरणारा रथ, गदग्यावर, म्हणजे चौथऱ्यावर, बसलेल्या देवीपुढं ओट्यांची रांग, गावभर पै-पाहुणे, आणि शेवटी देवीला सीमेकडे पोचवणं. एका माणसाच्या आयुष्यात हे मोजक्याच वेळा घडतं.

मधल्या काळात गाव मात्र जागेवर थांबत नाही. मागच्या यात्रेला ज्या शिवारात भात होतं तिथं या यात्रेला प्लॉटचे दगड असतात. मागच्या वेळी ज्यांच्या दावणीला बैलजोडी होती त्यांची पोरं आता बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेच्या कारखान्यात लेथवर, फौंड्रीत शिफ्टला जातात. काहीजण गोव्यात असतात, काही पुण्यात. सुना बी.एड. झालेल्या असतात. नियम मात्र तेच, शेतकरी गावासाठी केलेले. ते ना धड शेतकरी ना धड शहरी अशा गावाला लावताना ओढाताण होते, आणि ती होणारच. यात गैर काही नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच: नियम बदलताना ते बदलतं कोण?

आपल्याकडं यावर दोन ठरीव मतं आहेत. एक म्हणतं, रूढी तशीच पाळली पाहिजे, नाहीतर आपली ओळख पुसली जाईल. दुसरं म्हणतं, हे सगळं मागासलेपण आहे, काळाच्या ओघात जाईल तर जाऊ दे. दोघांचाही समज असा की बदल बाहेरून येतो आणि गाव एकतर त्याला अडवतं किंवा त्याच्यापुढं मान टाकतं. प्रत्यक्षात गावं सारखी बदलतच असतात. पण तो बदल बसून, बोलून, ठरवून होत नाही. जो तो आपल्या सोयीनं वाकवतो, आणि ज्याला वाकवायची ताकद नाही त्याच्या डोक्यावर जुना नियम जसाच्या तसा राहतो.

वारांचंच बघा. मंगळवारी कामाला जायचं नाही हा नियम फौंड्रीतल्या पोराला पाळता येत नाही. भट्टी त्याच्या गावच्या देवीसाठी विझत नाही. म्हणून नोकरीवाल्याला सूट मिळते. कुणी ठराव करून दिलेली नाही, आपोआप मिळाली. शिक्षकाला मिळाली, बँकेतल्याला मिळाली, रोज शहरात दुकान उघडणाऱ्यालाही मिळाली. मग वार पाळायला उरलं कोण? घरातल्या बायका, आणि अजून शेतीवर पोट असलेली थोडी घरं. रोपलागणीच्या ऐन दिवसांत मजूर मिळाला तो नेमका शुक्रवारी, तर त्या शेतकऱ्यानं काय करायचं? त्याला सूट नाही, कारण त्याचा नियमभंग सगळ्या शिवाराला दिसतो. पगारदाराचा दिसत नाही. आठवड्यातले दोन दिवस गावानं मिळून थांबायचं, बैलाला, जमिनीला आणि माणसाला विसावा द्यायचा, असं काहीतरी त्या वारांमागं असणार. आता तो विसावा कुणालाच नाही. आहे ती फक्त पाळत, आणि तीही गरिबावर.

अशा वेळी गावसभा बसून म्हणू शकते, की यंदा वार गावठाणापुरते पाळू, शेतीच्या कामाला मोकळीक देऊ, आणि त्या दोन दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी, नोकरीवाल्यांनीसुद्धा, देवळापुढं जमायचं. वार राहिले, मिळून थांबणंही राहिलं, फक्त त्याचं माप बदललं. पण असं बोलायला कमिटीत कुणी धजत नाही. ‘देवीचं आहे, आपण कशाला हात घालायचा’ असं म्हणून विषय मिटवतात. देवीचं आहे हे खरंच, पण वार घालून घेतले ते माणसांनीच की वो.

खर्चाची गोष्ट याहून अवघड. यात्रेचं साल आलं की घर रंगवायचं, जमलं तर नवीनच बांधायचं. लेकी-जावयांना कपडे, माहेरवाशिणींची पाठवणी, आणि जेवणाच्या दिवशी येईल त्याला मटण. पूर्वीही जेवणं होत, पण पाहुणा चालत किंवा बैलगाडीनं येईल तेवढाच यायचा. आता व्हॉट्सॲपवर एक पत्रिका फिरली की ऑफिस, वर्गमित्र, पोराच्या कंपनीतले सुपरवायझर, सगळे गाड्या घेऊन हजर. एकेका घराचा खर्च लाखांत जातो. ‘यात्रा काय परत परत येत्या काय वो?’ या एका वाक्यानं घरातला शहाणा माणूसही गप्प बसतो. मग सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण, आणि तेही पुरलं नाही तर बायकांच्या गटाच्या नावावर मायक्रोफायनान्स. छोट्या कर्जांच्या वसुलीतली दांडगाई इतकी वाढली की 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. त्या कर्जातलं किती यात्रेचं आणि किती दवाखान्याचं, हे वेगळं काढता येणार नाही. पण हप्त्याच्या दिवशी दारात उभी राहते ती बाई, खर्च ठरवणाऱ्या बैठकीत ती नसते. बहुतेक कमिट्यांच्या पत्रिकेवरची नावं वाचा. पंच, हक्कदार, मानकरी, सगळे पुरुष. ओट्या भरणाऱ्या सगळ्या बायका.

परंपरा म्हटलं की ती कधी बदललीच नव्हती अशा थाटात आपण बोलतो, म्हणून थोडं मागं जाऊ. गावदेवीच्या यात्रेत एकेकाळी रेड्याचा बळी मुख्य होता. 1959 च्या कर्नाटकातल्या पशुबळीबंदी कायद्यानं त्याला अटकाव केला, आणि आज मिशीवर ताव देऊन ‘आमची यात्रा पूर्वापार अशीच’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या आजोबांनी ती तशी पाहिलेली नव्हती. रेडा थांबला म्हणून देवी रुसली नाही. त्या जुन्या यात्रेतली ओढून नेण्याची, उचलण्याची, साफ करण्याची कामं दलित वस्तीच्या वाट्याला होती, त्याला ‘मान’ म्हणायचे. तो मान नको म्हणणारी माणसंही याच मातीतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली 1925 साली निपाणीत बहिष्कृतांची परिषद भरली होती, हे आपल्या सीमाभागाच्या इतिहासात आपण क्वचित सांगतो. आधुनिक काळाशी जुळवून घेणं म्हणजे नेहमी काहीतरी नवीन स्वीकारणं असंच नसतं. जुन्यातलं काही नाकारणं हेही जुळवून घेणंच, आणि ते बहुधा ज्याला चटका बसतो तोच आधी करतो.

सौंदत्तीच्या यल्लम्माचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. मराठी, कानडी, सगळ्या जातींची माणसं तिथं जातात. कोल्हापूर-सांगलीकडून मार्गशीर्षाच्या पुनवेला गाड्यांची रीघ लागते, ‘उदं गं आई उदं’ला भाषेची अडचण येत नाही. त्याच देवीच्या नावावर पोरी सोडल्या जात होत्या. 1982 साली कर्नाटकानं देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, पण कायद्याच्या कागदानं एवढी जुनी रीत मोडत नाही. ती मोडायला माजी देवदासी बायका स्वतः उभ्या राहिल्या, संघटना बांधल्या, घरोघर गेल्या. बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. आणि आज सौंदत्तीला गर्दी कमी झाली का? उलट वाढली. बैलगाडीतून जाणारे ट्रकनं, एस.टी.नं जाऊ लागले, घरी परतल्यावर पडल्या, म्हणजे देवीच्या परड्या, भरण्याचा कार्यक्रम तसाच चालतो. प्रथेतला अन्याय काढला तर श्रद्धा ढासळते हे म्हणणं सौंदत्तीनं खोटं पाडलं आहे.

सीमेपलीकडं शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं आमच्या गावात बंद. महिना संपायच्या आत महाराष्ट्र सरकारनं ते उदाहरण घ्या म्हणून परिपत्रक काढलं. मला यातला परिपत्रकापेक्षा ठराव महत्त्वाचा वाटतो. गाव बसलं आणि गावानं ठरवलं. हेरवाडपासून आमची गावं काही लांब नाहीत. यात्रेत विधवा बाईनं देवीची ओटी भरायची की नाही, हा प्रश्न अशाच एका बैठकीत सुटेल. आज तो कसा सुटतो? एखादी धीट बाई रांगेत उभी राहते, मागून कुजबुज होते, कुणी बोलत नाही, आणि पुढच्या यात्रेपर्यंत पुन्हा प्रश्न तसाच.

हे बोलणं का होत नाही? गावची माणसं अडाणी आहेत म्हणून नव्हे. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण सीमाप्रश्नात आहे, आणि हे लिहिताना काही मित्र रागावणार हे मला माहीत आहे.

1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यं ठरली आणि आम्ही ज्या बाजूला राहिलो तिथं मराठी असणं ही सिद्ध करायची गोष्ट झाली. एकाच तारखेला शहरात एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन. बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, 2014 मध्ये येळ्ळूरच्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून झालेला लाठीमार, त्याच वर्षी बेळगावचं अधिकृत बेळगावी होणं. आता पाट्यांवर साठ टक्के कन्नड. या सगळ्यात एक सवय अंगवळणी पडली, की संस्कृती म्हणजे पुरावा. न्यायालयात आणि रस्त्यावर दाखवायचा पुरावा. आणि पुरावा म्हटला की तो मोठा हवा, दुरून दिसणारा हवा, आणि कालच्यासारखाच हवा. त्यात खाडाखोड चालत नाही. आपल्याच रूढीबद्दल आपणच शंका काढली तर समोरच्याच्या हातात कोलीत दिल्यासारखं वाटतं. म्हणून गावात कुणी म्हणालं, यात्रेचा खर्च आवरू या, तर त्याला उत्तर मिळतं ते खर्चाबद्दल नसतं. ‘तू कुणाच्या बाजूचा?’ असं असतं.

याचा परिणाम असा, की जे दाखवता येतं ते फुगलं आणि जे करावं लागतं ते आटलं. वैशाखातल्या शिवजयंतीची आमची चित्ररथ मिरवणूक अख्ख्या सीमाभागाची शान आहे, रात्रभर माणूस हलत नाही. पूर्वी गल्लीतली पोरं महिनाभर संवाद पाठ करायची, कपडे कुणाच्या तरी आत्यानं शिवलेले असायचे, अफझलखान कोण होणार यावरून भांडणं व्हायची. आता अनेक मंडळं प्रसंग तयारच भाड्यानं आणतात, पुतळे, लाईट, कलाकार सगळं. पोरांना करायला उरतं ते डीजेपुढं नाचणं. रात्री दहाची मर्यादा मोडली म्हणून पोलिसांशी हुज्जत होते, आणि आपण ती सांस्कृतिक लढाई समजतो. मला डीजेचा त्रास आवाजापेक्षा वेगळ्या कारणानं होतो. ढोल वाजवायला वीस पोरं लागतात, लेझमीला चाळीस. डीजेला एक ऑपरेटर पुरतो, आणि तोही बाहेरगावचा. म्हातारी माणसं उगाच कुरकुरतात असं म्हणून हे उडवून लावू नका. ज्या दिवशी मंडपवाला, साऊंडवाला आणि बॅनर छापणारा मिळून उत्सवाचं स्वरूप ठरवू लागतात, त्या दिवशी गावाच्या हातातून काहीतरी गेलेलं असतं, गर्दी दुप्पट झाली तरी.

नवी गोष्ट म्हणून मी नाक मुरडत नाही. नवरात्रात पहाटेची दुर्गामाता दौड आमच्या आजोबांच्या काळी नव्हती. आज गल्लोगल्ली सडे-रांगोळ्या पडतात, फेटे बांधून पोरी धावतात. त्या दौडीतल्या घोषणांचं राजकारण मला सगळंच पटत नाही. पण पहाटे चारला उठून अंगण सारवणारी, ज्योतीला ओवाळणारी बाई तिथं प्रेक्षक नसते, हे मान्य करायला हवं. दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात तेही असंच. हाताला चिखल लागतो, कुठल्या गडाला किती दरवाजे यावर वाद होतो. हे टिकेल, कारण ते विकत आणता येत नाही. तसं तयार किल्लेही आता बाजारात मिळतात म्हणा.

एक आक्षेप इथं येणार, आणि तो हलका नाही. ‘सरकारला फक्त गर्दी कळते. आम्ही मोठ्यानं मिरवलो नसतो तर कधीच पुसले गेलो असतो. महाराष्ट्रातून बसल्या जागी उपदेश करणं सोपं आहे.’ मी महाराष्ट्रातून बोलत नाही, आणि या म्हणण्यातलं खरं मला नाकारता येत नाही. मोर्च्याला माणूस लागतो, माणूस जमायला उत्सव लागतो. टिळकांना हे कळलं होतं, त्यांनी 1916 साली होमरूलची हाक दिली ती बेळगावातूनच. पण टिळकांच्या उत्सवात व्याख्यान होतं, मेळे होते, वर्गणी गोळा करणारा पोरगा घराघराशी बोलत होता. रस्त्यावर दिसणारी गर्दी घरात काहीतरी चालू असल्याचं चिन्ह होती. आज घरात काय चालू आहे ते बघितलं की धास्ती वाटते. ज्या घरासमोर भगवा लावलेला आहे त्याच घरातलं पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढतं. मराठी वाचायला सांगितलं तर ते अडखळतं.

यात एक जुना उपरोध आहे. 1994 मध्ये कर्नाटक सरकारनं आदेश काढला होता की पहिली ते चौथी शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून व्हावं. कन्नडचा आग्रह त्यात होताच. पण मातृभाषा म्हणजे आमच्यासाठी मराठी, म्हणजे तो आदेश नीट राबवला असता तर आमच्या मराठी शाळांचा वर्ग भरता राहिला असता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, माध्यम निवडणं हा पालकाचा हक्क ठरला. निकाल घटनेनुसार योग्यच असेल. पण त्या दिवशी इंग्रजी शाळांच्या रांगेत कानडी आणि मराठी आईबाप खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि तिथं कुणालाच सीमाप्रश्न आठवला नाही. मराठी शाळा बंद पडली की आपण सरकारच्या नावानं बोटं मोडतो. शिक्षक दिले नाहीत, इमारत दुरुस्त केली नाही, सगळं खरं. पट कुणी कमी केला हे मात्र विचारत नाही.

म्हणून मला खेड्यांतली साहित्य संमेलनं फार मोलाची वाटतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा, बेळगुंदी अशा गावांत दरसाल मराठी साहित्य संमेलन भरतं. संमेलन हा तसा शहरी, शिकलेल्यांचा प्रकार. आमच्या शेतकरी गावांनी तो उचलला आणि त्याची जत्रा करून टाकली. ग्रंथदिंडी पालखीसारखी निघते, दारात सडा पडतो, कळशी घेऊन बायका पुढं असतात, वर्गणी घरटी असते, आणि दुपारी येईल त्याला जेवण. व्यासपीठावर पुण्याचे पाहुणे काय बोलले हे कुणाच्या लक्षात राहो न राहो, भात कुणी शिजवला आणि मंडप कुणी घातला हे राहतं. आधुनिक गोष्ट आपल्या जुन्या साच्यात ओतून आपलीशी करणं म्हणजे काय, ते बघायचं असेल तर तिथं जावं. माझी तक्रार एवढीच, की त्या दिंडीत टोपी घालून नाचणाऱ्या पोरांपैकी किती जण वर्षभर एखादं पुस्तक वाचतात? पारायणाचं उलटं आहे. तालुक्यातल्या कितीतरी गावांत ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. तिथं गाजावाजा कमी, पण पोथी समोर ठेवून आठ दिवस ओवी वाचावीच लागते. कन्नड शाळेत शिकलेली काही माणसं मराठी वाचायला अशा पारायणातच शिकली, हे मी ओळखीच्या घरांतून पाहिलं आहे. कुणाच्याही जाहीरनाम्यात नसलेली ही मराठी शाळा आहे.

शुद्ध मराठी संस्कृती जपायची आहे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. मराठी रंगभूमीचं मूळ सांगलीला धरतात. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये नाटक उभं केलं, पण त्याआधी पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात खेळ करून गेली होती ती उत्तर कन्नडातल्या कर्कीची भागवत मंडळी. आपलं शहापूर तेव्हा त्याच सांगली संस्थानात होतं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. कुमार गंधर्व सुळेभावीचे, घर कानडी. या मुलखात जे चांगलं निपजलं ते दोन भाषांच्या बांधावर निपजलं. बांध उखडून काही वाचवता येईल असं मला वाटत नाही.

कोल्हापुरी चपलेनं तर ही सरमिसळ कागदावर आणली. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडचे, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर इकडचे. अथणी-निपाणीकडच्या कारागिरांचा हात त्यात किती आहे हे जाणकारांना माहीत होतंच. जी दोन राज्यं एकेका गावासाठी कोर्टात भांडतात त्यांची दोन चर्मोद्योग महामंडळं एका चपलेवर एकत्र सही करतात! 2025 च्या जूनमध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली तेव्हा सगळ्यांना एकदम अभिमान दाटून आला. अभिमान ठीक आहे. पण ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावलं त्यांना गावानं कुठं बसवलं होतं? त्या घरातला पोरगा आज बापाच्या रापीला, कातडं कापायच्या हत्याराला, हात लावायला तयार नसेल, तर तो संस्कृती बुडवतोय असं म्हणायचा हक्क, ज्यांनी ती रापी कधी धरली नाही त्यांना नाही. त्याला त्या कामात चांगला पैसा आणि चारचौघांत मान मिळाला तर तो बसेल. नाही मिळाला तर खुशाल फौंड्रीत जावं त्यानं.

बेळगावी बासमतीचं दुखणं याच जातीचं. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं भांडले, कारण ती जमीन सुपीक भाताची. लोकांना मात्र बासमती आठवतो तो पाहुणा आल्यावर. वास पाहिजे, शेत नको.

तर मग यात्रेचं काय करावं? माझं म्हणणं फार क्रांतिकारक नाही. यात्रा ठरली की पहिली बैठक खर्चाची व्हावी आणि तिला निम्म्या बायका असाव्यात. ओट्या भरायला बोलावतो तशा, मान देऊन बोलावलेल्या. पै-पाहुण्यांच्या जेवणाला गावानं मिळून मर्यादा घालावी. एकट्या घरानं आखडता हात घेतला तर त्याची छी-थू होते, गावानं घेतला तर नियम होतो. वारांची सूट कुणाला, का, हे उघड ठरवावं आणि शेतकऱ्यालाही ती द्यावी. विधवांच्या ओटीचा ठराव करावा. रथापुढं साऊंड लावायचाच असेल तर गावच्या ढोलपथकाला आणि भजनी मंडळाला आधी जागा द्यावी. जी घरं आजवर मानकऱ्यांच्या यादीत नव्हती, गावात नंतर येऊन राहिलेली कानडी घरं धरून, त्यांना एखादं काम द्यावं. देवीला त्यांची भाषा कळते. उरलेल्या पैशातून देवळाला आणखी एक कमान उभारण्यापेक्षा गावच्या मराठी शाळेला एक शिक्षक वर्षभर पोसता येतो का ते बघावं.

यातलं सगळं कुठलंच गाव एकदम करणार नाही. काही गावं यातलं एखादं करतीलही, काही ठिकाणी झालंही असेल. मला त्याहून छोट्या एका गोष्टीचा आग्रह आहे: जे ठरेल ते लिहून ठेवा. दर यात्रेला हक्क कुणाचा, रथ कुठून वळवायचा, मागच्या वेळी कुणाला सूट दिली होती, यावरून भांडणं होतात, कारण सगळं दोन-चार म्हाताऱ्यांच्या आठवणीत असतं आणि वीस वर्षांत ते म्हातारे राहत नाहीत. मग ज्याचा आवाज मोठा त्याची परंपरा खरी ठरते. शंभर पानी वही आणा, बैठकीत काय बोलणं झालं, कुणी विरोध केला, काय बदललं आणि का, हे मराठीत लिहा, आणि गावात कानडी घरं असतील तर समोरच्या पानावर कन्नडमध्येही. आज पहिलीत असलेलं पोर पुढच्या यात्रेला कमिटीत बसेल. ती वही त्याच्या हातात पडली तर त्याला पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागणार नाही, मात्र त्याआधी त्याला ती वाचता यायला हवी, आणि ती सोय या वर्षीच्या शाळाप्रवेशात करायची आहे.